खजुराची पुली

संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या म्हातारीनं माझ्यासाठी पुल्या पाठवल्या आणि मी त्या खाल्ल्या नाहीत. एवढीच खरं तर ही गोष्ट. साठ सालच्या आसपासची. पण अजूनही तांदळाची उकड मळायला घेतली की कानशिलं तापतात, आणि ती उकडीच्या वाफेनं नव्हे.

कुवेतला येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते आणि पाचवा महिना लागला होता. नवरा तेल कंपनीत, तीन पाळ्यांत कामाला. घरी असते तर आईनं डोहाळे पुरवले असते. इथं खिडकीतून वाळू तेवढी आत यायची. भिंतीला भिंत लागून एक बंगाली बिऱ्हाड होतं. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. त्या आईला सगळे माशीमा म्हणत, मावशी म्हणावं तसं. बुटकी, पांढऱ्या पातळातली, केस बारीक कापलेले. मला हाक मारताना ‘मा’ म्हणायची. मी तिच्या नातीच्या वयाची, तरी ‘मा’. मला ते आवडायचं. तिच्या घरातून येणारा माशांचा वास मात्र आवडायचा नाही. दर शुक्रवारी तो भिंत ओलांडून यायचा आणि मी खिडक्या लावून, नाकाला पदर लावून बसायची.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस भिंतीपलीकडं खलबत्त्याचा आवाज चालू होता. तांदूळ भिजवून, वाळवून माशीमा स्वतः कुटत होती. संक्रांतीला दुपारी सून वाटी घेऊन आली. जड काशाची वाटी, वर केळीच्या पानाऐवजी स्वच्छ फडकं. आत आठ पुल्या. मोदकाच्याच जातीच्या, पण होडीसारख्या, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. “मा ने आप के लिए बनाया, भाभी. बोली, पेट से है, माँ दूर है,” सून म्हणाली.

मी वाटी घेतली, गोड हसले आणि दार लावलं. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितेच. कळ्या नाहीत, पाकळ्या नाहीत, याला काय मोदक म्हणायचं! आणि दुसरं आलं ते असं, की ज्या भांड्यात मासे शिजतात त्याच भांड्यात हे उकडलं असणार. मी वाटी स्वयंपाकघरात नेलीसुद्धा नाही. न्हाणीघराच्या कट्ट्यावर ठेवली. भूक तर अशी लागली होती की तोंडाला पाणी सुटलेलं. पण माझं सोवळं आडवं आलं. इथं, समुद्रापार, टाकीतलं पाणी पिऊन मी कुठलं सोवळं पाळत होते देव जाणे.

नवरा घरी असता तर त्यानं एका बैठकीत आठही संपवल्या असत्या, म्हणून तो यायच्या आत वाटीची वाट लावणं भाग होतं. तेवढ्यात बकाल्यातले, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले चाचा रॉकेलचा डबा घेऊन आले. रत्नागिरीकडचे मुसलमान, पन्नाशीचे, नवऱ्याखेरीज माझ्याशी मराठी बोलणारं तिथलं एकमेव माणूस. हे मासे खाणारे, यांना चालेल, असा मी हिशेब केला आणि आठही पुल्या कागदात बांधून त्यांना दिल्या. वर म्हटलं, “शेजारच्या माशीमांनी पाठवल्या, आमच्याकडे फार झाल्यात.” चाचांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली.

मग मी वाटी वाळूनं तीनदा घासली. रिकामी वाटी परत करू नये म्हणून तीत साखर घातली. रीत कशी चुकेल! माशीमा मागच्या गॅलरीत उन्हात बसली होती. वाटी हातात घेत तिनं विचारलं, “भालो लागलो, मा?”

“बहुत अच्छा, माशीमा. बिलकुल हमारे मोदक जैसा. नारियल एकदम ताजा.”

तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग मान हलवली. “हाँ मा,” ती म्हणाली, “नारियल.”

मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी चाचा दारात उभे. “वैनी, काय चव व्हती वो! आमच्या खोलीतल्या चौघांनी दोन-दोन खाल्ल्या. आत खजूर नि तीळ. घरची याद आली बघा. ती म्हातारी दुकानात खजूर घ्यायला आली तवाच मी म्हटलं, हिचं कायतरी गोड हाय. नारळ तर महिनाभर आलाच नाय, बोट चुकली.”

खजूर. आणि मी तिच्या तोंडावर नारळाची तारीफ करून आले होते, आणि तिनं माझं खोटं माझ्यासाठी झेलून घेतलं होतं.

काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्याकडं गेले. माशीमा झोपली होती. गॅलरीच्या कोपऱ्यात एक छोटा वेगळा स्टोव्ह, एक पितळी पातेलं, एक दगडी वाडगा. मी नुसतं बघितलं तर सून हसून म्हणाली, “ये सब मा का. विधवा हैं ना. मछली का बर्तन छूती भी नहीं. चावल का कुछ भी हो, मेरे हाथ का भी नहीं खाती.”

माझ्या सख्ख्या आत्याचं असंच होतं. वेगळी चूल, वेगळं पातेलं, ओलं नेसून स्वयंपाक. लहानपणापासून पाहिलेलं. आणि रोज समोर दिसणारं पांढरं पातळ मला दिसलं नव्हतं, मासे तेवढे दिसले होते. माझ्याहून दसपट सोवळ्याच्या हातचं मी विटाळ म्हणून न्हाणीत ठेवलं होतं. मला स्वतःची किळस आली.

तिसऱ्या दिवशी मी मोदक केले. चाचांकडूनच खजूर आणला, नवं पातेलं काढलं. अकरा मोदक घेऊन गेले, खरं सांगून माफी मागायचीच असं ठरवून. ती माझ्या हातचं खाणार नाही हे ठाऊक होतं. निदान बघेल तरी, एवढंच.

माशीमानं एक मोदक उचलला. कळ्यांवरून बोट फिरवलं. मग मधोमध तोडला आणि आत पाहिलं. “खेजूर,” ती म्हणाली आणि हसली. सून दारात खिळून उभी राहिली, कारण माशीमानं अर्धा मोदक तोंडात घातला होता.

“मा, आप…” सून म्हणाली.

“उसके पेट में बच्चा है,” माशीमा चावता चावता म्हणाली. “बच्चे को मैं ना नहीं बोलती.”

मी म्हटलं, “माशीमा, उस दिन मैंने…” तिनं पुढं बोलूच दिलं नाही. उरलेला अर्धा माझ्या तोंडात घातला आणि माझं तोंड पुसलं. मी रडत रडत तो गिळला.

फाल्गुनात ती बोटीनं कलकत्त्याला परत गेली. तिच्या हातून मी खाल्लं ते एवढंच, आणि तेही माझंच केलेलं होतं.