खुर्चीची खेप

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. जेवायला बसले तरी एक गुडघा हलतच असतो. नाव मच्छिंद्र, गाव कुंभार पिंपळगाव, काम राधेश्याम शेठचा टेम्पो पळवायचं. शेठची रेडिमेड कपड्यांची दुकानं जिल्हाभर आणि गोदामं तीन ठिकाणी: जुन्या जालन्यात, अंबडला, आमच्या पिंपळगावात. हवा तो माल नेमका दुसऱ्याच गोदामात असायचा. जालन्यात नवरदेवाला शेरवानी घट्ट झाली की मोठी अंबडहून यायची, आणि ती घेऊन हेच यायचे, शीळ घालत.

मी जुन्या जालन्यातल्या दुकानात असते. गिऱ्हाइकाने ढीगभर साड्या उलगडायच्या, घेतली तर एक घ्यायची, आणि बाकीच्यांच्या घड्या ज्योत्स्नाने, म्हणजे मी, घालायच्या. उभ्याने. गिऱ्हाइकासमोर बसलेलं शेठला खपत नाही. संध्याकाळी मी गरम पाण्यात पाय सोडून बसते, तेव्हा हे दारात येरझाऱ्या घालतात.

यंदा दिवाळीनंतर शेठने अंबड रोडला एकच मोठं गोदाम बांधलं. तिथून एक ट्रक सगळ्या दुकानांना माल टाकत जाणार. तिन्ही जुनी गोदामं रिकामी करायचं काम अर्थात ह्यांचं. प्रत्येक खेपेला स्वतःचंच काम संपवत होते, आणि ते त्यांना कळत होतं. घरी जेवता जेवता उठायचे, पुसलेला टेम्पो परत पुसायचे.

शेठ म्हणाले, "मच्छिंद्र, टेम्पो इकून टाकू राह्यलो. तू नव्या गेटवर बस. पगार बराबर तोच."

मला आनंदाने रडूच आलं. बसायचा पगार!

"आता तरी बूड टेकवा," मी म्हणाले.

"दिवसभर बसून करू काय?"

"बसायचं! आन् काय?"

"मेल्यावर पडूनच राह्यचंय, ज्योत्स्ना."

"आन् तवर खायचं काय?" मी चिडले.

जुन्या जालन्यातल्या शेवटच्या खेपेला ह्यांनी मला सोबत नेलं. मागे उरलासुरला माल आणि वर बांधलेली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची. ह्यांचीच, गेटवरची. सरळ रस्ता सोडून ह्यांनी गावभर टेम्पो फिरवला.

गोदामाच्या गेटशी शेठ उभे होते. ह्यांनी खुर्ची उतरवली, पुसली, गेटजवळ ठेवली आणि टेम्पोची किल्ली शेठच्या हातात दिली.

"खुर्ची पोचली, शेठ. बसणारा दुसरा बघा. मला न्हाई जमायचं."

असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या तुटपुंज्या पगारात घर चालायचं कसं? मी समजूत घालीन म्हणून शेठ माझ्याकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते, आणि उभ्या जागी पाय हलत होता. माझे दोन्ही पाय ठणकत होते.

मी जाऊन खुर्चीत बसले.

"पगार तोच ना, शेठ? दुकानात घड्या घालायला दुसरी बघा."

शेठ हसले. "बिलकुल तोच."

"मंग दुपारचा डबा मी पोचवतो," हे म्हणाले, आणि चालायलाही लागले.