राउटर माझ्या टेबलावर

"तितूनच सांग, पोरी. आत येऊ नगंस."

अण्णा आतल्या खोलीत राउटर हातात धरून उभे. मी उंबऱ्याबाहेर. माजलगावात त्यांची बी-बियाण्यांची एजन्सी आहे. तिथले सगळे कॉम्प्युटर मी सांभाळते. फक्त राउटरला हात लावायचा नाही, कारण तो देवाच्या फळीवर ठेवलेला. आम्ही बौद्ध. हे कारण तोंडाने कोणी सांगत नाही. सुरुवातीला मला वाटलं, बायकांनाच मनाई असेल. मग एकदा अण्णांची मुलगी प्राजक्ता पुण्याहून आली आणि सँडल काढून सरळ आत गेली.

प्राजक्ता आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर. जर्नल मी लिहायची, ती उतरवायची. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिने बोटं चाटून खाल्ली आहे. आज ती पुण्यात एसीच्या खोलीत बसून बापाच्या ऑफिसचं काम करते. घरबसल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा बंदिस्त रस्ता, व्हीपीएन, तो तिला मीच करून दिला. तिचं लॉगिन मी बनवलं.

माझी आई अंथरुणाला खिळलेली. गावाहून एसटीने यायला दोन तास लागतात. आठवड्यातले दोन दिवस तरी घरून काम करता यावं, म्हणून मीही लॉगिन मागितलं. अण्णा म्हणाले, "तुला कावून पाहिजे? तू तर हितंच असतीस." तेव्हापासून ती घरून जोडली जाऊन स्क्रीनवर तिचं नाव हिरवं झालं की मी त्याकडे बघत राहते. हेवा. लपवत नाही.

त्या आठवड्यात तिचं कनेक्शन रोज पावणेदहाला तुटायचं. बोलणी मला. मी नोंदी तपासल्या. लाइन ठीक, पासवर्ड ठीक. राउटरच बंद पडून पुन्हा चालू होत होता. उंबऱ्यातून वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. फळीजवळ प्लग एकच. पूजेच्या वेळी अण्णा राउटरची पिन काढून विजेची समई लावायचे. आणि ते राउटर हातात धरून उभे होते त्या दिवशी तर फळी पुसताना त्यांनी सगळ्या वायरी उपटल्या होत्या. अकराच्या आत कंपनीला ऑर्डर जायची होती. पाठवणार प्राजक्ता.

"निळी वायर पहिल्या खाचेत," मी म्हणाले. अण्णांनी तिसऱ्या खाचेत घातली. पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकले. साडेदहा वाजले. फोनच्या स्पीकरवर प्राजक्ता वैतागली.

"बाबा, जाऊ द्या ना तिला आत एकदाचं. नंतर फरशी पुसून घ्या."

अण्णा बाजूला सरकले. "ये. पर फळीला हात लागू देऊ नगंस."

मी पाय उचलला होता. खरं सांगते. हुकूम ऐकायची सवय. मग ती चटणी चाटणारी बोटं आठवली. पाय मागे घेतला.

"मी आत येणार न्हाई, अण्णा. राउटर भाईर आणा, माझ्या टेबलावर ठिवा. आदी माझं लॉगिन हुईल, मग तिचं चालू हुईल."

"लई बोलायलीस."

"फरशी पुसायचं काम पडणार न्हाई तुमाला."

पावणेअकरा झाले. अण्णांनी राउटर स्वतः उचलून आणला, माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला. मी लॉगिनच्या यादीत माझं नाव तिच्या नावाच्या वर घातलं. मग निळी वायर लावली. पाच मिनिटांत स्क्रीनवर प्राजक्ताचं नाव हिरवं झालं.

दुपारी तिचा मेसेज आला. "अगं, मनात काही ठेवू नकोस."

ठेवलंय. तिच्या खोलीचा, तिच्या खुर्चीचा, न विचारता आत जाणाऱ्या तिच्या पायांचा हेवा अजून तसाच आहे. तो आता मी गिळणार नाही. जे तिला न मागता मिळालं, ते मी मागून, भांडून घेणार. उंबऱ्याबाहेरून वायर सांगणं संपलं. राउटर पुन्हा त्या फळीवर गेला, तर त्याच मिनिटाला मी कामावरून उठेन.