काचघरातली मागणी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये अडकलो, तेव्हापासून कामावर मला सगळे अडकू म्हणतात. खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असतं, आणि ते वाचताना क्षणभर मलाच वाटतं, हा कोण बुवा? चाळिशी उलटली, केस विरळ झाले, तरी मी ताईच्या घरी आतल्या खोलीत राहत होतो. त्या खोलीत मी, शिलाई मशीन आणि भावजींचे न वापरलेले बूट, असे तिघं असायचो.

ती मला जिन्यात भेटली. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि तिची आई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. शेजारी ही, शहर-बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशात, कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो लिफ्टवाले," ती म्हणाली, "माझी बस अशी मध्येच थांबली तर लोक मला बदडतील."

"बसमधून लोकांना निदान उतरता येतं," मी म्हणालो. "इथं तीही सोय नाही."

ती हसली. आयुष्यात वेळेवर सुचलेला माझा हा एकमेव विनोद, म्हणून मी तो पुढे महिनाभर मनातल्या मनात घोळवत होतो. त्या महिन्यात त्या लिफ्टला मी इतकं तेल पाजलं की दारं हात लावायच्या आधीच उघडायला लागली. शेवटी तीच एकदा म्हणाली, "लिफ्ट आता ठणठणीत आहे. तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला."

"रविवारी बाहेर जायचं का?"

"कुठे?"

इतक्या पुढचा विचार मी केलाच नव्हता.

दिवस कडाक्याच्या थंडीचे. उंच इमारतींच्या मधून वारा असा सुटायचा की बोलायला तोंड उघडलं तर दात गारठायचे. बागेत बसायची सोय नाही, आणि जिथे उबेत मऊ खुर्च्यांवर बसता येतं तिथलं बिल माझ्या पगाराला झेपणारं नाही. मी ताईला विचारलं. ती भांडी विसळत होती.

"फुकटात ऊब मिळेल अशी जागा शोध," ती म्हणाली. "लग्नाआधी आम्ही बँकेत जायचो."

"कशाला?"

"रांगेत उभं राहायला. नंबर आला की पुन्हा मागे जाऊन उभे. तुझ्या भावजींनी मला तिथेच विचारलं."

बाहेरच्या खोलीतून भावजी म्हणाले, "रांग मोठी होती, म्हणून हिंमत झाली."

मला बँकेपेक्षा भारी कल्पना सुचली. बस! आत हीटर, खिडकीची जागा, एका तिकिटात शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाटेत नदी आणि दोन पूल. आपण काय डोकं चालवलं, म्हणून मी आदल्या दिवशी स्वतःवरच खूश होतो. रविवारी ती थांब्यावर आली, समोरून येणाऱ्या बसकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी लिफ्टमध्ये बसून वर-खाली करता का हो?"

तोवर बस थांबली होती. चढणं भाग होतं. अर्धा रस्ता तिचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. प्रत्येक वळणाला ती पुटपुटायची, "आता आरसा बघ... बघ ना!" मग तिला राहवेना. ती पुढे गेली आणि ड्रायव्हरशी गिअरबद्दल बोलत थेट शेवटच्या थांब्यापर्यंत उभी राहिली. तिच्या रिकाम्या जागेवर एका गृहस्थाने आपली गुंडाळलेली गादी टेकवली. नदी आणि दोन्ही पूल मी त्या गादीसोबत बघितले.

तरी ती पुढच्या रविवारी आली. थंडीत दर रविवारी सकाळी संग्रहालयात सगळ्यांना मोफत सोडायचे. आत छान उबदार होतं. एका मोठ्या चित्रासमोर बाक होता. चित्रात समुद्र, जहाजं, तोफा, धूर. चित्राबद्दल काहीतरी जाणकार बोलावं म्हणून मी जरा डोळे मिटून विचार करायला लागलो. जागा झालो तो पहारेकरी खांदा हलवत होता. ती शेजारीच बसली होती, हातात मोजे.

"मी तीन दालनं बघून आले," ती म्हणाली. "तुम्ही घोरत होता. लोक चित्र सोडून तुम्हाला बघत होते."

मला तोंड लपवायला जागा पुरेना. बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, "मग तुम्ही येता तरी कशाला?"

तिनं जरा विचार केला. "दिवसभर माझ्या मागे माणसं बसलेली असतात. माझी फक्त पाठ बघतात. तुम्ही निदान शेजारी झोपता."

बोलून गेल्यावर तिचे कान लाल झाले. पुढे बस थांब्यापर्यंत आम्ही दोघंही रस्त्यावरचे बंद दिवे फार बारकाईनं बघत चाललो.

हे ताईला सांगितल्यावर तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आता बोलून टाक. नाहीतर एक दिवस तिला दुसरा कुणीतरी शेजारी मिळेल, आणि तो जागा असेल."

तिसऱ्या रविवारसाठी मी सार्वजनिक बागेतलं काचघर निवडलं. परदेशी झाडांसाठी आत भर थंडीतही उन्हाळा ठेवलेला असतो. तिथे जाईपर्यंत वाक्यं मी शाळेतल्या पाठांतरासारखी म्हणत होतो. दार उघडलं, गरम वाफ अंगावर आली आणि माझा चष्मा दुधासारखा पांढरा झाला. पुसला, तरी पुन्हा झाला. ती "मी कमळं बघते" म्हणून पुढे गेली होती. मी चाचपडत बाक गाठला. थोड्या वेळानं शेजारी कोट टेकल्याची सळसळ ऐकू आली. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी समोर बघत सुरू केलं.

म्हणालो, की मी ताईच्या घरी राहतो, पगार बेताचा आहे, घोरतो हे तर कळलंच आहे. हुशारी जेमतेम. पण सोमवारपासून मी रविवारची वाट बघतो, आणि माझ्याशी लग्न केलं तर बरं होईल. "बरं होईल" असं पाठांतरात नव्हतं. तिथे फार सुंदर वाक्य होतं, ते ऐन वेळी पळालं.

शेजारून हळूच आवाज आला, "बाळा, मुलगा म्हणून तू मला पसंत आहेस. पण मी ऐंशीच्या घरात आले रे."

मी चष्मा ओढून काढला. शेजारी एक आजीबाई, हातात काठी, चेहरा इतका गंभीर की त्या हसू दाबताहेत हे लगेच कळावं. त्यांचा कोट हिरवा होता. हिचा तपकिरी.

"कुठाय ती?" आजींनी विचारलं. मी बोट दाखवलं. मी नको नको म्हणेपर्यंत आजी उठून कमळांच्या टाकीकडे निघाल्याही. मी एका रुंद पानाच्या झाडामागे गेलो. चाळिशीतला माणूस झाडामागे लपला की कसा दिसतो, ते तिथल्या दोन लहान मुलींनी आपल्या आईला बोलावून दाखवलं.

"तुझ्या माणसानं आत्ता मला मागणी घातली," आजी सांगत होत्या.

"काय म्हणाला?"

"पगार बेताचा, घोरतो, हुशारी जेमतेम. आणि सोमवारपासून तुझी वाट बघतो."

"घोरतो हे मला माहीत आहे."

"मग राहिलं काय?" म्हणून आजी काठी टेकत निघून गेल्या.

ती झाडापाशी आली. "बाहेर ये," म्हणाली. मला एकेरी हाक मारली, हे माझ्या लक्षातही आलं नाही. ते घरी सांगताना ताईच्या लक्षात आलं.

"उत्तर द्यायच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी आईला सोडून कुठेही येणार नाही. याआधी एकाला हे सांगितलं. तो हो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी आलाच नाही. मी वाट बघत बसले होते."

अशा वेळी माणसानं काहीतरी मोठं बोलावं. माझ्या तोंडून निघालं, "आईंच्या खोलीत हीटर आहे?"

"आहे. बिघडलाय."

"मी बघतो."

"तुला लिफ्टशिवाय काही दुरुस्त करता येतं?"

"नाही."

"चल," ती म्हणाली.

ऊन असेतोच आम्ही तिच्या घरी पोहोचलो. मी हीटर उघडला, आतल्या तारांकडे जाणकारासारखं बघितलं, एक तार दुसरीला लावली. फट्कन आवाज झाला आणि सगळ्या मजल्यावरचे दिवे गेले. शेजारपाजारचे लोक दार उघडून "काय झालं?" विचारायला लागले. वायरमन येईपर्यंत आम्ही तिघं स्वयंपाकघरात शेगडीभोवती शाली गुंडाळून बसलो. तिनं सूप गरम केलं. आईंनी मला वाटी दिली, दुसऱ्यांदा भरली, आणि मग मी समोर नसल्यासारखं लेकीला म्हणाल्या, "हा राहिला तरी माझी हरकत नाही. पण याला कशाला हात लावू देऊ नकोस."

थंडी सरली तेव्हा आम्ही सरकारी कचेरीत जाऊन सह्या केल्या. ताई रडली, भावजींनी ते न वापरलेले बूट मला घातले, ते एक नंबर लहान होते, त्यामुळे फोटोत मीही रडल्यासारखा दिसतो.

आता मी तिच्या घरी राहतो. तिची पहिली बस पहाटेची. मी तिच्या आधी उठून चहा करतो, थर्मासात भरून देतो, ती मफलर गुंडाळून निघते. दार लागलं की आतून आईंचा आवाज येतो.

"गॅस बंद केलास का?"

"केला."

"जाऊन बघ."

मी जाऊन बघतो. बहुतेक वेळा केलेला असतो.