दोन कोरियन पोलीस आणि आमची काबरी

आमच्या घरी बकऱ्या भरपूर होत्या, पण आमची एकही नव्हती. आमच्याकडे बकऱ्या बटईनं राखतात. बकरी मालकाची, चारणं, पाजणं, दुखणंखुपणं राखणाऱ्याचं. पिलं झाली की निम्मी मालकाची, निम्मी आपली. माझी माय गावातल्या तीन घरच्या बकऱ्या राखायची. बाप जिनिंगमध्ये हमाल. हंगामात तो घरी यायचा तेव्हा भिवयांपर्यंत पांढरा झालेला असायचा. हंगाम संपला की कापूस जायचा, खोकला घरी राहायचा.

घर म्हणजे टिनाची एक खोली, मध्ये तुराट्यांचा कूड. अलीकडे आम्ही, पलीकडे बकऱ्या. पाऊस जोरात लागला की पलीकडची बाजू गळायची, मग बकऱ्या अलीकडे यायच्या आणि जागा आम्ही करून द्यायचो. बकरी परक्याची होती, आम्ही काय, घरचेच. सातवीत असताना एका बकरीनं माझ्या इतिहासाच्या पुस्तकातली आख्खी मोगल सत्ता खाल्ली. परीक्षेत नेमका त्याच धड्यावर प्रश्न आला. मास्तरांना खरं कारण सांगितलं तर म्हणाले, "मंग पेपरले तिलेच बसवाचं होतं."

माझं शिक्षण बोकडांवर झालं. दहावी एका बोकडात उरकली. बारावीला दोन लागले. बी.ए.ला किती लागले ते माय अजून सांगत नाही. दारव्ह्याच्या कॉलेजातून बी.ए. झालो, आमच्या सात पिढ्यांत पहिला. सात म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आजोबाच्या मागचं आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहिणारा मीच पहिला.

बी.ए. झाल्यावर सगळे जे करतात तेच मी केलं. पोलीस भरतीची तयारी. जोडीला माझा शाळेपासूनचा मित्र होता, आठ एकरवाल्याचा पोरगा. त्याच्याच घरची एक बकरी माझ्या मायकडे बटईनं होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून तिला काबरी म्हणायचे. डाव्या कानाचा शेंडा तुटका. तापट. मायशिवाय कोणालाही दूध काढू देत नसे.

सकाळी आम्ही बोरी अरबच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळायचो. गोळाफेकीला गोळा नव्हता, म्हणून नाल्यातला एक गोल धोंडा फेकायचो. दुपारी अभ्यासिकेत बसायचो. तिथं मित्राच्या मोबाईलवर एक कोरियन पिक्चर होता. समोर चालू घडामोडींचं पुस्तक उभं करायचं आणि त्याच्या आड दोघांनी एकेक कानात एकेक वायर घालून तो पाहायचा. आम्ही तो किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. पुस्तक मात्र एकदाही पुरं झालं नाही.

पिक्चरमध्ये दोन पोलीस. एक निवृत्तीला आलेला, नियमावर नियम सांगणारा. दुसरा जवान, आधी मारणारा आणि मग विचारणारा. दोघांचं क्षणभर पटत नाही. चोर एक पकडतात, त्या भानगडीत चार हॉटेलं मोडतात. वरून हिंदीत डब केलेला, त्यामुळे ते कोरियाच्या गल्लीत कानपूरवाल्यांसारखे भांडायचे. मित्राला त्यातलं एकच दिसायचं.

"पाय बे, त्या जवानाची उंची. आपल्याएवढीच हाय."

"मंग?"

"मंग काय. तो पोलीस होऊ शकते तं आपन काहून नाई?"

भरतीचा अभ्यास घेणारे एक सर होते, फौजेतून आलेले. ते दर आठवड्याला एकच गोष्ट सांगायचे. "गोळा कमी पडला तं पुढच्या भरतीत फेकता येते. नावावर गुन्हा चढला तं काय फेकसान?" निवड झाली तरी पुढं चारित्र्य पडताळणी असते. ठाण्यात विचारतात, याच्यावर काही आहे का. काही असलं की संपलं. मायनं हे माझ्याकडून ऐकलं होतं आणि तेवढंच मनात धरलं होतं. मी बाहेर निघालो की म्हणायची, "कोठी बी जा, पन ठान्याच्या कागदावर नाव नको येऊ देऊ." इतके बोकड तिनं त्या कोऱ्या कागदासाठी विकले होते.

अशात काबरी चोरीला गेली. भरदुपारी. फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेच्याचा कापूस वेचायला सगळं गाव वावरात, माय नाल्यावर पाणी पाजायला बाकीच्या बकऱ्या घेऊन गेलेली. काबरी नुकतीच व्यालेली म्हणून घरीच बांधली होती. माय परत आली तर दोन पिलं ओरडत होती आणि दाव्याचा कापलेला तुकडा खुंटीला लोंबत होता. मायनं ठाण्यात जाऊन तक्रार दिली, अंगठा नाही, सही करून. सही मीच शिकवली होती. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण अजून त्याच जिल्ह्यात राहायचं आहे.

पानठेल्यावर लगेच मायवर शंका सुरू झाली. "बकरी चोरी गेली का सुरीखाली गेली, कोणाले माहीत." मित्राचा बाप काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मित्रालाही ते लागलं होतं. दुसऱ्या दिवशी पळणं झाल्यावर तो म्हणाला, "आपन पाळत ठेवू."

"ठानं काय कराले हाय मंग?"

"पिक्चरमदल्या त्या दोघाले बी साहेबानं हेच इचारलं होतं. मंग कोनं पकडला चोर?"

आता वाटतं, बी.ए. झालेल्या माणसानं तिथंच उठून घरी जायला पाहिजे होतं. पण आम्ही गावाबाहेरच्या पुलियावर, रस्त्याच्या लहान पुलावर जाऊन बसलो. ते कोरियन पाळतीवर शेवया खातात, आम्ही आलूबोंडे खाल्ले. दहा ते चार बसायचो, चोर त्याच वेळात येतात म्हणून. तीन दिवसांत आम्ही पुलियावरून जाणाऱ्या सगळ्या बैलबंड्या, एक बँडवाला आणि मित्राच्या मामेबहिणीची वरात पाहिली.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक मोटरसायकल आली. पुढं एक मिशीवाला म्हातारा, मागं एक जवान, आणि दोघांच्या मध्ये तिसरं कोणी दुपट्टा पांघरून बसलेलं. दुपट्ट्याखालून खूर दिसत होता.

पिक्चरमध्ये तो जवान पोलीस रस्त्यावर मेल्यासारखा पडतो आणि चोर गाडी थांबवतो. मित्र मला न विचारता रस्त्यावर आडवा झाला. इथं म्हाताऱ्यानं गाडी थांबवली नाही, बाजूनं काढायला पाहिली, आणि गाडी हळूच, अगदी म्हशीसारखी, बाजूच्या नालीत बसली. दुपट्टा उडाला. खाली काळे-पांढरे ठिपके, डावा कान तुटका.

"काबरी हाय बे," मी म्हणालो.

ती आमचीच निघाल्यावर आमच्या डोक्यात काही राहिलं नाही. मित्र म्हाताऱ्याच्या पाठीवर बसला आणि त्याच्याच दुपट्ट्यानं त्याचे हात बांधले. मी जवानाची मान काखेत धरली, पिक्चरमध्ये धरतात तशी. काबरी बाजूच्या वावरात, कपाशीच्या पऱ्हाटीत घुसली.

"उठ बे अंगावरून," म्हातारा म्हणाला. "पोलीस हावो आमी."

"सारे चोर हेच म्हनते," मित्र म्हणाला. "पोलीस हा तं कारड दाखवा."

"कारड वर्दीत हाय. वर्दी दोरीवर वायत हाय."

"आन बकरीले काय बंदोबस्तावर नेऊन राह्यले का?"

माझ्या काखेतला जवान शांतपणे म्हणाला, "भाऊ, नालीत पिशवी पडली आहे. तेवढी बघा." तो बीडकडचा होता, त्याची बोली वेगळी होती.

मी एका हातानं पिशवी उचलली. आत बेड्या होत्या, शाईचा डबा होता आणि एक कागद होता. कागदावर मायच्या तक्रारीची नक्कल, खाली तिची सही. तिच्या आडनावातल्या शेवटच्या वेलांटीचं शेपूट ती नेहमी लांब ओढते, तसंच ओढलेलं. मागच्या पानावर लिहिलं होतं की सदर बकरी शेजारच्या तालुक्यातल्या एका खाटकाच्या आवारात मिळून आली, ती मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली.

मी मान सोडली. मित्राला म्हणालो, "उठ."

"काहून?"

"खरे हाय."

मित्र उठला. म्हाताऱ्याची गाठ सोडताना त्यानं ती उलट आणखी घट्ट केली, शेवटी म्हाताऱ्यानंच सांगितलं, "दुसऱ्या टोकाकून ओढ." हात मोकळे झाल्यावर त्यानं मिशी झटकली आणि मोजायला सुरुवात केली. "सरकारी कामात अडथळा. पोलिसाले मारहान. मुद्देमाल पळवला. काय करते बे तुमी?"

"भरतीची तयारी," मित्र म्हणाला.

म्हातारा म्हणाला, "कर मंग आता."

पळायचं म्हणून नाही, पण दुसरं काही सुचेना म्हणून मी बकरीमागं पळालो. बीडचा जवानही पळाला. पऱ्हाटीच्या काड्या पायाला ओरबाडत होत्या, काबरी पुढं, तिची शेपटी वर. पळता पळता त्यानं विचारलं, "सोळाशे कितीत मारतोस?"

"पाच पंचवीस."

"कमी कर. बकरी पाचच्या आत चालली आहे."

मित्र आडव्या बाजूनं आला आणि बांधावरून तिच्यावर झेपावला, पिक्चरमध्ये छपरावरून मारतात तशी उडी. तो तुरीच्या खुटांवर पडला. पुढचे आठ दिवस त्यानं अभ्यास उभ्यानं केला. काबरी थांबलीच नाही. तिला कुठं जायचं ते तिला माहीत होतं, आम्हालाच नव्हतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ती कुडाच्या पलीकडे उभी होती आणि दोन्ही पिलं तिच्या खाली गुडघे टेकून पीत होती. माय बाजूला बाभळीच्या शेंगा घेऊन बसली होती. मागून म्हातारा गाडी ढकलत आला. त्यानं मायला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"तं आता?" तिनं विचारलं.

"बकरी ठान्यात जाईन. मुद्देमाल हाय. आन या दोघायवर केस होईन."

माय उठली. चुलीवर चहा ठेवला. काबरीचं दूध काढलं आणि त्यात टाकलं. मी दारात उभा होतो आणि मला तो कोरा कागद डोळ्यासमोर दिसत होता, आणि त्यावर कोणी लिहायला बसलेलं.

चहा हातात देताना ती म्हणाली, "लिहा साहेब. पोट्ट्यायनं चूक केली, लिहाच लागन. पन सारं लिहा. दोन पोट्टे, हातात काडी नाई, त्यायनं दोन पोलिसायले नालीत पाडलं. एकाले त्याच्याच दुपट्ट्यानं बांधलं. आन बकरी आपल्या पायानं घरी आली. साहेब वाचतीन तं समदं वाचतीन."

बीडचा जवान आधी हसला. त्याचा चहा नाकात गेला.

"हसून नको राहू," म्हातारा म्हणाला.

"नाही काका."

"काका कायले म्हनतं? ड्युटीवर हावो आपन."

"ड्युटीवर असता तर वर्दी दोरीवर नसती काका."

हे दोघं असेच दहा मिनिटं भांडले. मित्र माझ्या कानाशी आला आणि कुजबुजला, "पाय बे, अगदी पिक्चर." मी त्याच्या पायावर पाय दिला.

शेवटी म्हाताऱ्यानं चहा संपवला आणि पिशवीतून कागद काढला. बकरी ठाण्यात नेली तर तिला चारा कोण घालणार, पिलांचं काय करायचं, आणि ती तिथं कोणाला दूध काढू देणार, हे प्रश्न त्याला आता पडले होते. त्यानं सांगितलं की वरची परवानगी घेऊन बकरी सुपुर्दनाम्यावर मायकडेच राहील, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. तोवर विकायची नाही, कापायची नाही. काबरीचा मोबाईलवर फोटो काढला. तिनं तीनदा मान फिरवली.

मग तो माझ्याकडे वळला. "बकरी ओयखली कोनं?"

"मी."

"मंग ओयखनार म्हनून तुहा जबाब लागन. नाव सांग. वय. शिक्षन?"

"बी.ए."

त्यानं पेन थांबवला आणि चष्म्यावरून पाहिलं. "बी.ए. होऊन बी हे धंदे?" पण लिहिलं. नालीचं त्यानं काही लिहिलं नाही. दुपट्ट्याचंही नाही. बकरी गाडीवरून उतरून घराकडे गेली, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

जाताना म्हणाला, "गोळा कायचा फेकतं?"

"धोंड्याचा."

"वजन करून घे एखादवेळा."

वजन केलं. खऱ्या गोळ्याच्या निम्म्यानंही नव्हता. त्या वर्षी मी तिथंच कमी पडलो. मित्र छातीच्या मापात पडला आणि पुन्हा भरतीला गेला नाही. आता बापाचं वावर पाहतो, आणि काबरीच्या एका पिलावर आमच्याशी भांडतो की ते त्याच्या वाट्याचं आहे. पानठेला काबरी परत आल्यावर गप्प झाला. मित्राचा बाप मात्र एकदा स्वतः घरी आला आणि आणखी दोन बकऱ्या मायकडे बांधून गेला.

मी वर्षभर खरा गोळा फेकला आणि पुढच्या भरतीत लागलो. पडताळणीचा कागद ठाण्यात गेला आणि परत आला. त्यावर लिहिलं होतं, "गुन्हा दाखल नाही." सहीनंतर मी शिकवलेली अक्षरं लावत माय ते हळूहळू वाचत होती. मी आता पोलीस शिपाई आहे, आणि घरात बांधलेल्या बकऱ्यांपैकी चार आमच्या आहेत.