शेगडीच्या धुराची नोटीस

मंडळी, चाळीच्या फळ्यावर आज सुविचार नाही.

सकाळी म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर आला आणि गॅलरीत शेगडी पेटवली म्हणून आपल्या राधाकाकूंच्या हातात नोटीस ठेवून गेला. म्हणाला, "शेजाऱ्यांच्या डोळ्यांना धुराचा त्रास होतो, अशी लेखी तक्रार आहे."

"खोलीत पेटवली की ह्यांचा दमा उसळतो हो. मग पेटवू कुठे?" काकूंनी विचारलं.

"नियम मी केला नाही, बाई."

मोर्चाच्या दिवशी पोलिसांच्या अश्रुधुराने अख्खी चाळ आंधळी झाली होती. तेव्हा याच काकू बादली घेऊन दारोदार ओली फडकी वाटत फिरल्या. त्या धुराची लेखी तक्रार आपल्यातल्या एकानेही केली नाही.

आजची कोणी केली, ते विचारत नाही. फक्त काकूंचं फडकं तेवढं धुऊन परत द्या.