मेजरांची वर, ओव्हरसियरांची खाली

मेजरसाहेब फाटकातून आत शिरले आणि व्हरांड्यात शमुवेल मिस्त्रींनी चर्चमधलं गाणं सुरू केलं. मी दिवाणखान्यात होतो. सूर कानावर पडताच धावत सुटलो. खिडकीखालचा सॉकेट फिरवला, शेकोटीजवळचा फिरवला, तसाच जेवणाच्या खोलीत घुसलो. मेजरांचे बूट पायरीवर वाजले तोवर बंगल्यातल्या सगळ्या सॉकेटांची जाडी भोकं वर झाली होती.

मेजरांनी छडीच्या टोकानं एकेक सॉकेट दाखवत मान हलवली. "अच्छा. ऊपर. ठीक है." आणि गेले.

जेवणवेळ टळल्यावर ओव्हरसियरसाहेब सायकलवरून आले. मिस्त्रींनी अभंग धरला. मी पुन्हा धावलो. जाडी भोकं खाली.

"शाब्बास," ओव्हरसियर म्हणाले. "सांगितलेलं ऐकलं की काम कसं नीट होतं बघा. आणि मिस्त्री, तुम्ही ख्रिस्ती असून अभंग छान म्हणता हो."

"तुमची किरपा, साहेब," मिस्त्री म्हणाले आणि बिडी शोधायला वळले. हसू लपवायचं असलं की त्यांना बिडी सापडत नसे.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली, भिंगारच्या लष्करी कँपातली गोष्ट. ज्यांनी विजेचं काम कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिंतीवर बसवतात तो सॉकेट. किटली, पंखा, इस्त्री यांच्या वायरच्या टोकाला असतो तो प्लग. प्लगला तीन पिना. दोन बारक्या पिनांतून वीज जाते-येते. तिसरी जाडी पिन अर्थची, म्हणजे जमिनीची. तिच्यातून एरवी काहीच जात नाही. किटलीत बिघाड होऊन तिच्या अंगात वीज उतरली, तर ती माणसाच्या हातातून न जाता या पिनेतून आणि तिच्या मागच्या तांब्याच्या तारेतून जमिनीत जावी, एवढ्यासाठी ती असते. रोज काहीही न करता पगार घेणाऱ्या आणि एकाच दिवशी जीव वाचवणाऱ्या नोकरासारखी.

आता ही जाडी पिन वर ठेवायची की खाली? वीज दोन्हीकडून सारखीच येते. पण साहेबलोक सारखे नव्हते.

मेजर त्या बंगल्यात राहायला येणार होते. त्यांचं म्हणणं, पिन वर. प्लग अर्धवट निसटला आणि वरून काही पडलं, भिंतीवरच्या तसबिरीची साखळी म्हणा, तर ती आधी अर्थच्या पिनेवर पडेल. विलायतेत असंच करतात. ओव्हरसियरांचं म्हणणं, पिन खाली. जाडी पिन खाली असली की प्लगचा भार ती पेलते, प्लग लोंबत नाही. मुंबईला शिकताना त्यांनी असंच पाहिलं होतं. दोघांचंही बरोबर वाटायचं, हीच अडचण. बंगला मेजर ताब्यात घेणार, काम पास करणार ओव्हरसियर. कुणाला दुखवायचं?

मी मालवणकडचा. चौथीनंतर शाळा सुटली. वायरमन म्हणून नुकताच टेम्पररी लागलो होतो. बंगला नापास झाला तर पहिला टेम्पररीच घरी जाणार, हे मला न सांगताही कळत होतं. घरी थोरल्या भावाच्या होडीत मला जागा नव्हती, कारण मला समुद्र लागतो. कोकणातल्या माणसानं हे सांगणं म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच कळेल. मिस्त्रींनी मला काम शिकवलं, राहायला आपल्या घराची पडवी दिली. त्यांच्या घरच्या मावशी, मला भाकरी घशाखाली जात नाही हे पाहून, कुठून तरी तांदूळ मिळवून मूठभर भात वेगळा शिजवायच्या. म्हणून मिस्त्री म्हणतील ते मी करायचो.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या वेळी सॉकेट थेट भिंतीवर बसवत नसत. आधी सागवानी गोल ब्लॉक भिंतीवर, त्यावर सॉकेट. ब्लॉकला दोन स्क्रू मारायचे असतात. मिस्त्रींनी मधोमध एकच मारला आणि मागं वायर सैल सोडली. ब्लॉक हातानं अर्धा फिरायला लागला.

"ध्यानात ठेव, कोकन्या," ते म्हणाले. "वर नेताना उजवीकडनं. खाली आनताना त्याच वाटंनं माघारी. उलटा फिरवशील तर मागं वायरला पीळ बसंल."

"आणि दोघं एकदम आले तर?"

"सकाळचा मानूस सकाळी येतो, दुपारचा दुपारी. तुला लई काळज्या."

काळज्या होत्याच. रात्री झोपेतसुद्धा मी ब्लॉक फिरवायचो म्हणे.

बंगला ताब्यात द्यायच्या दिवशी व्हायचं तेच झालं. सकाळी व्हरांड्यातून चर्चचं गाणं सुरू झालं. मी वर फिरवायला लागलो. मध्येच त्याचा अभंग झाला. मी खाली फिरवायला लागलो. मग शब्द चर्चचे आणि चाल अभंगाची, असं काहीतरी ऐकू यायला लागलं, आणि मिस्त्रींचा आवाज चिरका झाला. खिडकीतून पाहिलं तर मेजर आणि ओव्हरसियर एकाच टांग्यातून उतरत होते.

मी शेकोटीजवळच्या सॉकेटपाशी होतो. घाबरून जो फिरवला, तो उलटा. आधी ब्लॉक ताठरला, मग एकदम हलका झाला. आत काहीतरी तुटल्याचं हाताला कळलं. आणि दोघं दारात उभे.

सॉकेटचं जाडं भोक ना वर, ना खाली. थेट खिडकीकडे.

"यह क्या है?" मेजर म्हणाले.

"हे काय आहे?" ओव्हरसियर म्हणाले. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मिस्त्रींनी बिडी शोधायला सुरुवात केली.

"ऊपर!" मेजर. "कल ऊपर था!"

"खालीच होतं. काल दुपारी मी डोळ्यांनी पाहिलंय," ओव्हरसियर.

मेजरांनी मागं सामान लावायला आधीच आलेल्या बटलरला हाक मारली. केडगावचा यशवंता, पिकल्या मिशांचा. तो नवी विजेची किटली पाण्यानं भरून घेऊन आला. मेजर ओव्हरसियरांना प्लग लावून दाखवणार होते, पिन खाली नसली तरी प्लग कसा लोंबत नाही ते. यशवंतानं एका हातात किटली धरली, दुसऱ्या हातात प्लग घेतला आणि तो शेकोटीकडे निघाला.

आत काय तुटलं आणि ते कशाला टेकलंय, ते मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण मला असाच आठवतो: तोंड उघडं, आवाज नाही, आणि पाय मात्र पळतायत. मी मेजरांना धक्का देऊन व्हरांड्यात गेलो आणि सगळ्या बंगल्याची वीज तोडणारा मेन स्विच खाली ओढला. छताचा पंखा घरघरत थांबला.

"किसने किया?" मेजरांचा आवाज.

"मी, साहेब," मी म्हणालो. माझं सामान किती आहे आणि ते बांधायला किती वेळ लागेल, एवढंच डोक्यात होतं.

मिस्त्री गुडघ्यावर बसले. स्क्रू काढला, ब्लॉक भिंतीपासून सोडवला. पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्थची तार तुटली होती. जमिनीकडे जाणारं टोक लोंबत होतं. पिनेकडचं टोक वाकून वीज येते त्या स्क्रूला चिकटलं होतं. म्हणजे जीव वाचवणाऱ्या पिनेतूनच वीज किटलीच्या अंगात शिरली असती. आणि किटली यशवंताच्या हातात होती.

मिस्त्रींनी ते लपवलं नाही. बोटानं दाखवलं.

यशवंतानं किटली हळूच टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले.

मेजरांची नजर मात्र भिंतीवर गेली. ब्लॉक फिरून फिरून चुन्यावर छान गोल उमटला होता. ते खिडकीखालच्या सॉकेटकडे गेले. एका बोटानं ब्लॉक फिरवला. वर. खाली. पुन्हा वर.

"मिस्त्री," ते सावकाश म्हणाले, "तुम हमको बनाया."

"व्हय साहेब," मिस्त्री म्हणाले. "या पोराचा दोष न्हाई. फिरवायला मीच लावलं."

ओव्हरसियर लाल झाले होते. त्यांना दुसरंच काहीतरी डाचत होतं. "म्हणजे तो अभंग..."

"तुमच्यासाठीच हुता, साहेब."

मेजरांना भाषा कळली नाही, पण ओव्हरसियरांचा चेहरा कळला. ते हसले. आधी मिशीत, मग मोठ्यानं. मग एकदम गंभीर होऊन यशवंताकडे वळले. मरता मरता वाचलेला तो होता. "तुम बोलो. ऊपर या नीचे?"

यशवंतानं हात जोडले. त्याचं बोलणं ओव्हरसियरांनी मेजरांना इंग्रजीत सांगितलं. यशवंताचे मूळ शब्द जसेच्या तसे देतो.

"साहेब, मडम आल्या की हितं कपाट येनार, तितं सोफा येनार. ह्यातलं एक बी कुनाला दिसनार न्हाई. कपाटामागं हात घालून अंधारात मलाच लावायचं हाय. वर ठिवा न्हाईतर खाली ठिवा, पन समदीकडं येकसारखं ठिवा. आन आतली तार तेवढी जोडा."

निकाल लागला. बंगल्यात राहणार ते, म्हणून मेजरांची पिन वर राहिली. ओव्हरसियरांनी आपल्या क्वार्टरमध्ये सगळ्या पिना खाली करून घेतल्या, आणि ते काम मिस्त्रींकडून फुकटात करवलं. बंगल्यातला एकेक सॉकेट उघडून आम्ही नवी तार टाकली. प्रत्येक ब्लॉकला दोन स्क्रू मारले. मेजर स्वतः प्रत्येक ब्लॉक पिळून पाहत होते. मला घरी पाठवायचं कुणी नावही काढलं नाही. बहुधा मेन कुणी ओढला हे यशवंता दिवसातून एकदा तरी मेजरांच्या कानावर घालत असावा. पुढे मी पर्मनंट झालो आणि त्याच कँपात रिटायर झालो. समुद्र लागायचा प्रश्न उरला नाही.

मेमसाहेब आल्या. कपाट आलं, सोफा आला. सगळे सॉकेट झाकले गेले.

माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना मी एवढंच सांगायचो: पिन वर का खाली यावर भांडायला साहेब आहेत. आपण आधी तिच्यामागं तार आहे का ते बघावं. आणि काम करताना गाणं म्हणायचंच असेल, तर एकच म्हणावं.