वाटीभर गुलकंद

मुलीने चिनी गुलाबकळ्यांचा चहा आणलाय. "तिकडचे वैद्य पाळीच्या दुखण्यावर देतात, आणि मनात कोंडलेल्या रागावरही," ती म्हणाली.

पाकीट उघडलं आणि त्या वासाने मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या आमच्या जुन्या खोलीत पोचले. मी पोट धरून पडले होते आणि दारात शेजारची सिंधी आंटी वाटीभर गुलकंद घेऊन उभी होती. "बेटी को दूध में दे दे," ती आईला म्हणाली. नळावरच्या भांडणापासून आईने तिच्याशी अबोला धरला होता.

मला तासाभरात बरं वाटलं. आई मात्र घासलेल्या वाटीकडे बघत बसली. रिकामी वाटी परत द्यायची कशी? शेवटी तिने शिरा केला, वाटी भरली आणि गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकू आलं.

गुलकंद खाल्ला मी, राग उतरला आईचा.